नववीला स्पॅनिश शिकवणार आहेस ना? मग आधी वाचन

अगं, पहिल्याच महिन्यात क्रियापदांचे तक्ते फळ्यावर ओतू नकोस. आधी पोरांना मोठ्याने वाचू दे. स्पॅनिश बरीचशी लिहिल्याबरहुकूम वाचता येते, स्वर पाचच, आणि मुंबईच्या मुलांना देवनागरी येते, हे तुझं भांडवल. इंग्रजी शाळेच्या सवयीने ती ट-ड करतील. सरळ त-द म्हणायला लाव. एच मुका असतो, बी आणि व्हीचा उच्चार एकच. शुद्धलेखनाच्या चुका तिथेच होणार, लाल पेन जरा आवर.

खरी मेख मजकुराच्या निवडीत आहे. 100 शब्दांतले 95 ते 98 ओळखीचे असतील, तरच मूल कोश न उघडता पुढे सरकतं. पालक म्हणतील, ‘एवढं सोपं?’ म्हणू देत. पण नववीतली मुलं बाळबोध गोष्टींना नाक मुरडतात (आणि बरोबरच आहे त्यांचं). म्हणून दहा-बारा ओळी तूच लिही: सीएसएमटीला अडकलेली लोकल, तुंबलेलं पाणी, डबा विसरलेला मुलगा. आपली मुंबई असली की अर्थाचा अंदाज त्यांना आपोआप येतो.

तासाची पहिली दहा मिनिटं मूक वाचन. तेव्हा वह्या तपासत बसू नकोस, तूही वाच. वाचून झाल्यावर चाचणी नको.

आणि लायब्ररीतला कोश जुना असेल, तर सीएच आणि डबल एलचे शब्द स्वतंत्र विभागांत सापडतील. 1994 साली ती पद्धत बंद झाली. मुलांना आधीच सांगून ठेव.