व्हिक्टोरियन कोठार घर करायला घेताय? आधी भिंती वाचा

इंग्लंडमधलं जुनं कोठार राहण्यासाठी घेताय, तर आराखडा काढण्याआधी भिंती नीट बघा. समोरासमोर दोन उंच दारं दिसली की मधे मळणीचं खळं होतं समजा. वारा आरपार जाऊन भुसकट उडावं, म्हणून ती तशी. भिंतीतल्या उभ्या चिंचोळ्या फटी पेंढ्यांना हवा लागावी म्हणून ठेवलेल्या. त्या रुंद करून खिडक्या केल्या की कोठाराचा चेहराच जातो. (बहुतेक जण हेच करतात.)

खरी डोकेदुखी गोठ्याच्या भागात. शेणामुतातले क्षार खालच्या विटांत मुरलेले असतात. त्यावर जिप्सम प्लास्टर केलंत, तर पांढरा लोणा फुटून ते सुटणार. तिथे चुन्याचा गिलावाच द्या, तोही क्षार खाऊन झिजेल तेव्हा बदलायचा या हिशोबाने. सांधेही सिमेंटने भरू नका: ओल सांध्यातून निघत नाही, विटेत अडकते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडतो. सांध्यांसाठी मिश्रण असं: 1 भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होणारा), अडीच ते 3 भाग टोकदार दाण्याची वाळू.

छपराला हात लावण्याआधी वटवाघळांची पाहणी करून घ्या. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि सायंकाळची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच होते. ऑक्टोबरात जाग आली, तर काम पुढच्या उन्हाळ्यावर.