सांगलीत आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. लीन पद्धत सुरू करायची तर पहिलं पाऊल कोणतं?

एकाच वेळी हातात घेतलेली कामं निम्म्यावर आणा, बाकीचं सगळं नंतर. लीन म्हणजे कामातलं नुकसान कमी करणं; त्याची मुळं टोयोटा या मोटार कंपनीत आहेत. तिथले अभियंते ताइची ओनो यांनी पडून राहिलेला साठा हे नुकसान मानलं. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी २००३ मध्ये लीन सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकात साठ्याच्या जागी अर्धवट काम धरलं. मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुपवाड एमआयडीसीत मशीनशेजारी साचलेले जॉब लगेच डोळ्यांत भरतात, अर्धा कोड कुणालाच दिसत नाही; म्हणून चालू असलेल्या प्रत्येक कामाची एक चिठ्ठी भिंतीवर लावा. १२ कामं चालू आणि आठवड्याला ३ पूर्ण होत असतील, तर प्रत्येकाला सरासरी ४ आठवडे लागतात. ६ ठेवली तर २. मात्र आठवड्याला ३ हा वेग टिकला पाहिजे, आणि ग्राहकाच्या उत्तरासाठी अडकलेली कामंही त्या सहातच मोजा.