मागच्या अंगणातील खोली

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत शार्लट येथे असते. एप्रिलमध्ये तिच्याकडे जाणार आहोत आणि त्यातील तीन रात्री साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरात, एखाद्या जुन्या घरात ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ (मुक्काम आणि सकाळची न्याहारी) पद्धतीने राहण्याचा बेत आहे. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. मुख्य घरातील खोलीपेक्षा मागच्या अंगणातील ‘कॅरेज हाउस’ स्वस्त दिसते. ते घ्यावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घ्यावे, परंतु ती वास्तू मुळात काय होती, हे जाणून घ्यावे. चार्ल्स्टनच्या जुन्या घरांमागे बग्गीखाना (म्हणजेच ‘कॅरेज हाउस’), तबेला आणि मुख्य घरापासून वेगळे बांधलेले स्वयंपाकघर असे. आगीचे भय आणि चुलीची धग घरापासून दूर राहावी म्हणून ही रचना होती, आणि त्याच इमारतींच्या माडीवरील लहान खोल्यांत गुलामगिरीत ठेवलेली आफ्रिकी वंशाची माणसे राहत असत. आज त्यांपैकी अनेक खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या जातात. काही घरमालक हा इतिहास आपण होऊन सांगतात, काही जण केवळ ‘निवांत, अंगणाला लागून’ एवढेच लिहितात. आपण स्वतः विचारावे. हा प्रश्न विचारण्यात आगाऊपणा नाही, आणि जो घरमालक त्याचे नीट उत्तर देतो तो बाकीच्या गोष्टींतही सरळ असतो, असा माझा अनुभव आहे.

गुडघ्यांचा विचार मात्र आरक्षणापूर्वीच करावा लागेल. तेथील जुने घर रस्त्याकडे आखूड बाजू करून उभे असते. रुंदीला एकच खोली, आणि समुद्राचा वारा मिळावा म्हणून दक्षिणेला किंवा पश्चिमेला घराच्या लांबीइतकी पडवी, जिला तेथे ‘पियाझा’ म्हणतात. रस्त्यावरचा दरवाजा उघडला की आपण घरात नव्हे, तर या पडवीत येतो. निजण्याच्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. या शहराने 1931 मध्ये जुन्या वस्तीच्या रक्षणासाठी नियम केले, आणि अशा स्वरूपाचे ते अमेरिकेतील पहिलेच मानले जातात. घरांचे बाह्यरूप टिकले ते त्यामुळे, पण लिफ्ट बसवणे सोपे राहिले नाही. शिवाय मालक स्वतः राहत असलेल्या आणि पाचांहून अधिक खोल्या भाड्याने न देणाऱ्या घरांना अपंगांच्या सोयीसंबंधीच्या केंद्रीय कायद्यातून सूट आहे. म्हणून ‘जिना आहे का’ असे न विचारता ‘रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि कठडा दोन्ही बाजूंना आहे का’ असे विचारावे. तेथे ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला, हेही ध्यानात असू द्यावे. बग्गीखान्याची खोली तळाला असेल तर तुमच्या ह्यांच्यासाठी उत्तम. माडीवर असेल तर तेथील जिना मुख्य घराहून अरुंद आणि उभा असण्याचा संभव आहे.

न्याहारी खोलीच्या भाड्यातच धरलेली असते, वेळ ठरलेली असते, आणि काही ठिकाणी सर्व पाहुणे एकाच टेबलाशी बसतात. दक्षिणेकडील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ग्रिट्स, अर्थात मक्याच्या रव्याची मऊ लापशी. ती आपल्याला आवडेल, मात्र अनेकदा तिच्यावर कोळंबी असते. तेथील बिस्किट म्हणजे आपले बिस्किट नव्हे, तर मऊ, पापुद्र्याचा पाव. त्यात काही जण डुकराची चरबी घालतात. पालेभाजीही डुकराच्या मांसासह शिजवण्याची रीत आहे. केवळ ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने हे सारे टळेलच असे नाही. चरबी, मांसाचा रस, मासे आणि अंडी यांचा वेगवेगळा उल्लेख करून आधी कळवावे. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मात्र तेथे रस्त्याकडेला मिळतात, आणि त्या खाताना घर आठवल्यावाचून राहत नाही.

एप्रिल हा फुलांचा आणि म्हणून महागाईचाही हंगाम आहे. सांगितलेल्या दरावर कर वेगळा लागतो, शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट असू शकते, आणि मोजक्याच खोल्या असल्याने आरक्षण रद्द करण्याचे नियम हॉटेलांपेक्षा कडक असतात. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर वेळ आधी ठरवावी, कारण दारात चोवीस तास कोणी बसलेले नसते. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसल्या तर त्या पुष्कळदा 1886 च्या भूकंपानंतर भिंती आवळण्यासाठी घातलेल्या सळ्यांची टोके असतात, हे जाता जाता सांगतो.

तीन दिवसांत काय पाहावे, हे आपण विचारलेले नाही, तरीही एक आग्रह करतो. एलिझाबेथ स्ट्रीटवरील एकन-रेट हाउस पहिल्याच दिवशी पाहावे. 1820 च्या सुमाराच्या या घरामागील स्वयंपाकघर, तबेला आणि त्यांवरील खोल्या नव्याने सजवलेल्या नाहीत. जशा मिळाल्या तशा जपल्या आहेत. मी ते घर शेवटच्या दिवशी पाहिले, आणि माडीवरील एका खोलीच्या दारात उभा असताना लक्षात आले की गेल्या तीन रात्री मी ज्या खोलीत झोपलो, तिची लांबी, रुंदी आणि खिडकीची जागा अगदी हीच होती.