आधी बॅटरी उघडू दे

अगं, बालवाडीत पहिल्याच दिवशी पोरांच्या हातात टॅब नको देऊस. २ सेलची, हातात धरायची साधी बॅटरी दे. झाकण त्यांनाच उघडू दे. एक सेल उलटा बसला की उजेड पडत नाही; का, ते लगेच सांगू नकोस. पोरं स्वतःच फिरवून बघतात, आणि दिवा लागला की जो गलका होतो ना, त्यासाठी मी अजून हे काम करते. सेल १.५ व्होल्टचे, झटक्याची भीती नाही. उद्यमनगरातनं नट-बोल्टही आण, पण मुठीएवढे, गिळता येणार नाहीत असे. रिमोटमधले चपटे, बटणासारखे सेल मात्र वर्गात नकोतच. गिळले तर २ तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी तडक दवाखाना गाठ.