५८ झाली की पेन्शन चालू करा, काम सुटो वा न सुटो

तुमचा प्रश्न असा की बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत २००२ पासून आहात, यंदा ५८ पूर्ण होतात, मालक अजून दोन-तीन वर्षं राहा म्हणतो, आणि पीएफसोबतची पेन्शन (ईपीएस) ६० पर्यंत थांबवली तर वाढून मिळते असं कुणीतरी सांगितलंय. मी कारखान्याच्या पगार खात्यात बरीच वर्षं काढली, कामगारांचे हे फॉर्म माझ्याच हातून जायचे.

थांबलं की वाढते, हे खरंय. वर्षाला ४ टक्के. पण आकडे मांडून बघा. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या तुमच्या बारा वर्षांना पगार जास्तीत जास्त ६,५०० धरतात, पुढच्या बारांना १५,०००. पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. पहिल्या तुकड्याचे १,११४ रुपये, दुसऱ्याचे २,५७१. सेवा वीस वर्षांच्या वर असल्यानं दोन वर्षं जादा धरतात, म्हणून चार हजारांच्या आसपास समजा. सगळ्याच वर्षांना १५,००० लावून साडेपाच हजार सांगणारे चहाच्या टपरीवर भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आता ६० पर्यंत थांबलात तर ४,००० चे ४,३२६ होतील. त्यासाठी सोडलेत ९६,०००. महिन्याला ३२६ नं ते भरून यायला चोवीस वर्षं लागतात, म्हणजे वयाची चौऱ्याऐंशी. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही, तेव्हाचे ३२६ आजचे नसणार. वर्गणी चालू ठेवून थांबायचीही सोय आहे, त्यात वाढ जास्त; पण मालकाच्या वाट्यातले महिन्याला १,२५० पीएफऐवजी पेन्शनकडं जात राहतात. ते गणित सत्तरीच्या पुढं कधीतरी जुळतं. माझं मत विचाराल तर नको.

बऱ्याच जणांना माहीत नसतं ते असं की ५८ नंतर नोकरी चालू ठेवूनही ही पेन्शन घेता येते. मालक ठेवतोय ना, मग पगारही घ्या आणि पेन्शनही. फक्त ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शनची ८.३३ टक्के वर्गणी बंद करून मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये टाकायला पगार खात्याला सांगा, लेखी सांगा. तिथला पोरगा विसरतो, रक्कम जुन्याच खात्यात जात राहते आणि मग पेन्शन मागायचा १०-डी फॉर्म अडकून पडतो.

फॉर्मच्या आधी नाव तपासा. आमच्या भागात खरी डोकेदुखी हीच. ज्ञानेश्वर म्हटला तर आधारवर इंग्रजीत 'जे'नं सुरू होतो आणि मराठी शाळेच्या दाखल्यावरून भरलेल्या पीएफमध्ये 'डी'नं. जन्मतारखेचंही तसंच. दुरुस्तीच्या संयुक्त अर्जाला मालकाची मंजुरी लागते, म्हणून नोकरीत आहात तोवर उरकून घ्या. फाउंड्रीच्या आधी कोल्हापूरजवळ शिरोलीला वगैरे काम केलं असेल तर ती सेवाही या यूएएनला, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरला, जोडून घ्या. राज्य बदललं म्हणून काही अडत नाही, पीएफ केंद्राचं आहे. तिथली पेन्शनची रक्कम त्यावेळी काढून घेतली असेल तर मात्र ती वर्षं गेली.

ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर (डीए) ठरते. ते १८,००० असेल तर २४ वर्षांचे अडीच लाखांच्या आसपास येतील. पगारवाढ तोंडावर असेल तर तिच्याआधी सुटू नका.

पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर सुटताना कागदावर निवृत्ती असंच लिहून घ्या, साधा राजीनामा देऊ नका. पाच वर्षं विमा झालेल्या निवृत्त कामगाराला आणि त्याच्या बायकोला वर्षाला १२० रुपये भरून ईएसआयचे उपचार चालू राहतात. गुडघे आणि साखर या वयात पेन्शनपेक्षा जास्त पैसे खातात.

पुढं गावी चंदगडला राहायला गेलात तरी पेन्शन हलवायची खटपट नाही. जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेतून ती घेता येते. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, तो मुलाच्या मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.