कुस्कोहून एका दिवसाच्या टूर्स: आई-बाबांसोबत कोणत्या कराव्यात?

तुमचा प्रश्न असा: आई-बाबा (वय 64 आणि 69) बरोबर आहेत, पेरूमध्ये कुस्कोला पाच दिवस मिळताहेत, एजंटने दिवसभराच्या गाइडेड टूर्सची लांबलचक यादी पाठवलीय, त्यातल्या कोणत्या घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी रेनबो माउंटन ठेवला तर चालेल का?

रेनबो माउंटन दुसऱ्या दिवशी नकोच. आई-बाबांना घेऊन तर पाचव्या दिवशीही नको.

मी दोन वर्षांपूर्वी आईला (तेव्हा ती 66 ची होती) आणि नवऱ्याला घेऊन गेले होते. कुस्को साधारण 3,400 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास लेहएवढं. लेहला विमानाने जाणाऱ्याला पहिले दोन दिवस गप पडून राहा म्हणून सगळेच बजावतात. इथे मात्र लिमाहून, अगदी समुद्रकाठावरून, सव्वा-दीड तासात विमान वर येतं आणि दुसऱ्या पहाटे टूरची व्हॅन दारात उभी. आई हॉटेलवर थांबली आणि आम्ही दोघं पहाटे साडेतीनला विनिकुंकाला, म्हणजे तुमच्या त्या रेनबो माउंटनला निघालो. वरचा टप्पा 5,000 मीटरच्या पुढे जातो, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. नवऱ्याचं डोकं आधी ठणकायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. शेवटचा चढ राहिलाच. गाइडने त्याला सिलिंडरचा ऑक्सिजन लावला आणि खाली येईपर्यंत तो डोळे मिटून बसून होता. बुकिंग घेताना आम्ही कुस्कोत कधी उतरलो, हे त्या कंपनीने विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्हालाही कोणी हे विचारलं नाही, तर त्यांच्याकडे बुकिंग करू नका.

तेव्हा टूर कोणती हे नंतर बघा, आधी क्रम लावा. कुस्कोच्या खाली उरुबाम्बा नदीचं खोरं आहे, सगळे त्याला सेक्रेड व्हॅली म्हणतात. उरुबाम्बा गाव 2,870 मीटरवर, ओयांतायताम्बो 2,790 वर, आणि माचू पिच्चू तर 2,430 वरच. हॉटेलचं बुकिंग बदलता येत असेल, तर विमानतळावरून थेट या खोऱ्यात उतरा आणि पहिल्या तीन रात्री तिथेच काढा. कुस्को शहर शेवटी. आईला मी दुसऱ्या दिवसानंतर असंच खाली नेलं आणि तिला पहिल्यांदा शांत झोप लागली. बीपीची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचंही त्यांनाच विचारा. कोकाच्या पानांचा चहा प्रत्येक हॉटेलात मिळतो, तिथे हवा तर प्या, पण पानं किंवा टी-बॅग सामानात घालून आणू नका. आपल्याकडे कोका अमली पदार्थांच्या कायद्यात येतो.

आता यादीकडे. 'सेक्रेड व्हॅली फुल डे' नावाच्या टूरमध्ये पिसाक, चिंचेरो, मोराय (इंकांची गोलाकार पायऱ्यांची शेतं), मारास आणि ओयांतायताम्बो हे सगळं एकाच दिवसात कोंबलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी घाई, मधे बुफे जेवण, आणि म्हाताऱ्या माणसांची दमछाक. त्यापेक्षा तुमच्यापुरती गाडी आणि गाइड स्वतंत्र घ्या आणि तेच दोन दिवसांत वाटा. पहिल्या दिवशी विमानतळावरून येताना पिसाकचा बाजार आणि मग विश्रांती. दुसऱ्या दिवशी मोराय, मारास, चिंचेरो आणि परतताना ओयांतायताम्बो.

चिंचेरोला घाई करू नका. गाव उंचावर आहे, साधारण 3,760 मीटर, म्हणून चालणं हळू ठेवा. तिथे बायका लोकर धुण्यापासून विणण्यापर्यंत सगळं करून दाखवतात. निवडुंगावर वाढणारे कोचिनीलचे किडे वाळवून ठेवलेले असतात, दिसायला राखाडी खड्यासारखे. त्या बाईंनी एक किडा तळहातावर चिरडला आणि हात लालभडक झाला. वरून लिंबाचे दोन थेंब पिळले, तर तोच रंग केशरी झाला. आई पटकन म्हणाली, "अगं, हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तसंच की हे!" मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं, गाइडने त्यांना त्यांच्या केचुआ भाषेत. बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी आईच्या तळहातावर रंगाचं बोट ओढलं. संध्याकाळपर्यंत आईने तो हात धुतला नाही. शेवटी विक्री असतेच, घ्यायची सक्ती नाही. पण घेतलंत तर फार घासाघीस करू नका, एका पट्ट्यामागे कित्येक दिवसांचं काम असतं.

मारासला डोंगरउतारावर मिठाची 3,000 हून जास्त छोटी कुंडं आहेत. एका खाऱ्या झऱ्याचं पाणी पाटापाटाने त्यांत सोडतात आणि उन्हात मीठ धरतं. कुंडं गावातल्या कुटुंबांची आहेत. ओयांतायताम्बोला पायऱ्या खूप आणि उभ्या. वर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत, त्या नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेल्या. आईला गुडघ्यांमुळे चढणं जमलं नाही, पण खाली इंकांनी बांधलेली कारंजी आहेत, पाणी अजून वाहतंय, तिथे ती मजेत बसली. गावातल्या गल्ल्याही इंकांच्या आखणीतल्याच, कडेने पाट वाहतात आणि लोक त्याच भिंतींच्या आड राहतात. तुम्ही वर जाऊन या, आई-बाबांना या गल्ल्यांतून फिरू द्या.

तिसऱ्या दिवशी माचू पिच्चू. कुस्कोहून एका दिवसात करायचं तर पहाटे तीन-चारला निघावं लागतं. ओयांतायताम्बोला मुक्काम असला तर स्टेशन गावातच, आणि आगगाडीला दीड-पावणेदोन तास. पुढे बस अर्धा तास वर नेते. तिकिटावर वेळ आणि मार्ग दोन्ही ठरलेले असतात, म्हणून ते विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. गुडघे दुखत असतील तर त्यातला खालचा मार्ग, सर्किट 3, बरा. मूळ पासपोर्ट हवाच. स्वच्छतागृह फक्त फाटकाबाहेर आहे आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.

चौथा दिवस कुस्को शहराचा: कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर आणि वरचं साक्सायवामान, म्हणजे इंकांचा दगडी किल्ला, बास. कोरिकांचात 1950 च्या भूकंपाने स्पॅनिश मठाचं बांधकाम ढासळलं आणि आतल्या इंका भिंती मात्र टिकल्या. चुन्याशिवाय बसवलेल्या त्या दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवायचा मोह होतो, पण हात लावू देत नाहीत.

पाचव्या दिवसासाठी तुमच्या यादीत तळाशी असलेली 'साउथ व्हॅली' अर्ध्या दिवसाची टूर घ्या. गर्दी कमी, चढ कमी. तिपोनला दगडी पाटांतून आजही पाणी खळाळतं, पिकियाक्ता हे इंकांच्याही आधीच्या वारी लोकांचं शहर, आणि आंदावायलियासच्या चर्चचं छत इतकं रंगवलेलं आहे की बाबांची मान दुखेल. तिथल्या एका दारावरचा मजकूर पाच भाषांत आहे, त्यातली पुकिना आता कोणी बोलत नाही. आमच्या सगळ्या टूर्समधली ही मला सगळ्यात आवडली.

पैशांचं एक: टूरच्या दरात बहुतेक वेळा प्रवेशाची तिकिटं धरलेली नसतात. 'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्र तिकीट 16 ठिकाणी आणि दहा दिवस चालतं. पिसाक, ओयांतायताम्बो, चिंचेरो, मोराय, साक्सायवामान, तिपोन, पिकियाक्ता सगळं त्यात येतं. मारास, कोरिकांचा आणि माचू पिच्चू त्यात नाहीत. मारासला रोख सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा.

शाकाहारी असाल तर स्पॅनिशमध्ये नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही, चिकन येतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, चिकन, मासे नकोत) असं तिन्ही सांगा. किनोआचं सूप आणि बटाटे कुठेही मिळतात. बटाट्याचं हे माहेरच, बाजारात जांभळे, काळपट, गाठीगाठींचे कितीतरी प्रकार दिसतील. आईने पिसाकला नुसते उकडलेले पिवळे बटाटे मीठ लावून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागितले.

तारखा कळवल्यात तर पावसाचं सांगते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जात असाल, तर मोराय आणि मारास सकाळीच उरका.