अजून आमच्या पेट्या फुटायच्यात

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले, की ऑगस्टच्या प्रायमरीला मी आमच्या गावच्या मतमोजणीच्या टेबलावर बसते. त्यावर बरीच पत्रं आली. ‘कोण चांगला, कोण चोर’ अशी जी होती ती बाजूला ठेवली, त्यासाठी टीव्ही आहे. मोजणीबद्दलची तेवढी घेते. नव्या वाचकांसाठी: मी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. तिकीट दिल्लीहून येत नाही, मतदार देतात.

प्रश्न : आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ साली तिकडच्या प्रतिनिधिगृहासाठी प्रायमरीला उभे होते. सकाळी साडेसहापासून मोबाइल घेऊन बसलो होतो. टक्के सारखे खालीवर. शेवटी २८ टक्क्यांवर विजयी! एवढ्यात कसं काय जिंकले? आणि ‘अमुक टक्के मोजणी पूर्ण’ लिहितात ते कशाचे टक्के? (एक निवृत्त शिक्षक, बेळगाव)

सर, आधी तुमचं घड्याळ. उन्हाळ्यात आमचे रात्रीचे आठ म्हणजे तुमचे पहाटेचे साडेपाच. ठाणेदारांचा तेरावा मतदारसंघ वेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), म्हणजे डेट्रॉइट आणि आसपास, आणि तिथे आठला मतदान संपतं. साडेसहाची वेळ तुम्ही कुठेतरी वाचली असणार, ती राज्यभरच्या लढतींची. मिशिगनच्या पश्चिम टोकाला चार काउंट्या आहेत, त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे. तिथले आठ वाजेपर्यंत राज्यभराच्या लढतीचा विजेता कोणी जाहीर करत नाही. ठाणेदारांचा मतदारसंघ तिथे येतच नाही, तेव्हा तासभर आधी बसला असतात तरी चाललं असतं!

आता २८ टक्के. डेमोक्रॅटिक पक्षाकडून त्या एका जागेला नऊ जण उभे होते. दुसऱ्या क्रमांकावरच्या अ‍ॅडम हॉलियर यांना २३ टक्क्यांच्या वर, उरलेली मतं सात जणांत वाटली गेली. मतविभागणी म्हणजे काय हे बेळगावकरांना मी सांगायला नको. मिशिगनमध्ये ज्याला सगळ्यांत जास्त तो जिंकला, पन्नाशी गाठायची अट नाही. टेक्सास किंवा जॉर्जियात असते तर पहिल्या दोघांना पुन्हा लढावं लागलं असतं. आणि तो मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक, की नोव्हेंबर म्हणजे नुसता उपचार. खरी निवडणूक ऑगस्टमधलीच. २०२४ ला हॉलियर पुरेशा वैध सह्यांअभावी मतपत्रिकेवर आलेच नाहीत आणि ठाणेदारांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली.

‘किती टक्के मोजणी पूर्ण’ या आकड्यावर मात्र माझा राग आहे. आपल्याकडे मोजणीच्या आधी मतदान केव्हाच संपलेलं असतं, एकूण मतं किती ते कागदावर असतं, त्यामुळे बारावी फेरी म्हणजे बारावी फेरी. इथे मतदान संपतं आणि त्याच रात्री आकडे सुरू. एकूण मतं किती पडली हे त्या क्षणी कोणालाच धड माहीत नसतं. म्हणून वृत्तसंस्था अंदाज बांधतात, की एवढी येतील, आणि त्या अंदाजाचे टक्के दाखवतात. अंदाज चुकला की ‘९० टक्के पूर्ण’चं मध्येच ‘८६’ होतं आणि लोक ओरडतात, मतं कुठे गेली! मतं कुठेही गेलेली नसतात. भाजक बदलतो.

तुमचे टक्के खालीवर होत होते त्याचं कारण ढीग. लहान टाउनशिपच्या, म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या गावाच्या, केंद्रावर पाच-सहाशे मतपत्रिका, मशीन बंद केलं की पावतीसारखी लांब पट्टी निघते, सह्या झाल्या की आकडे काउंटीला. डेट्रॉइटसारख्या शहराच्या टपाली मतांचा डोंगर एका मोठ्या हॉलमध्ये मोजतात, तो रात्री उशिरापर्यंत चालतो. एखाद्याचा जोर शहरात असेल तर तो नऊ वाजता मागे आणि मध्यरात्री पुढे. याला ट्रेंड म्हणू नका. आपल्याकडे पारावरचा म्हातारा म्हणतो ना, ‘थांबा, अजून आमच्या पट्ट्यातल्या पेट्या फुटायच्यात’, तो बरोबर असतो. ‘पुढे कोण?’ हे विचारण्याआधी ‘कुठल्या पेट्या राहिल्यात?’ हे विचारायचं. मी टेबलावर बसायला लागल्यापासून एवढंच शिकले आहे.

उलट २०१८ आठवा. ठाणेदार तेव्हा गव्हर्नरपदाच्या (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) प्रायमरीत होते. ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के, अब्दुल अल-सईद यांना ३०, ठाणेदार साधारण १८ टक्क्यांवर तिसरे. एवढ्या अंतरात पेट्यांच्या क्रमाने काही बिघडत नाही. आम्ही एका मैत्रिणीकडे जमलो होतो, तिने मोठं पातेलंभर पोहे केले होते. निम्मे उरले, कारण लोक लवकर उठून गेले.

प्रश्न : तिकडे निवडणूक आयोग निकाल जाहीर करतो की वाहिन्या? (पुणे, राज्यशास्त्राचा विद्यार्थी)

त्या रात्री जे ‘विजयी’ दिसतं ते वृत्तसंस्थांचं म्हणणं. त्यांत असोसिएटेड प्रेस सगळ्यांत जुनी, १८४८ पासून हे काम करते. काउंटी काउंटीत तिची माणसं असतात, ती आकडे कळवतात. मागच्या उमेदवाराला गाठायला वाटच उरली नाही अशी खात्री झाल्यावर ती नाव जाहीर करते. कायद्याने त्याला काडीचं महत्त्व नाही, पण पराभूत उमेदवार त्यावरच भाषण करून मोकळा होतो.

आपल्या आयोगासारखी देशभर मोजणी चालवणारी संस्था इथे नाही. एकट्या मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आणि दीड हजारांहून जास्त शहरं-टाउनशिप, प्रत्येकाचा आपला क्लार्क. क्लार्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कारकून येईल. इथला क्लार्क बहुतेक ठिकाणी निवडून आलेला असतो आणि निवडणूक तोच घेतो. नंतर काउंटीचं कॅनव्हासर मंडळ बसतं, दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. ते पट्ट्या, नोंदवह्या आणि पेट्यांची सीलं ताडून पाहतं, चौदा दिवसांत सही करतं. तो खरा निकाल. तोवर कोणी फटाके फोडत नाही, कारण फटाके त्या रात्रीच फोडून झालेले असतात.

प्रश्न : काकू, तुमच्या टेबलावर नक्की काय करता? (सांगली)

आत गेल्यावर शपथ. निवडणुकीच्या दिवशी मोजणी असेल तर रात्री आठपर्यंत बाहेर जाता येत नाही, फोनचा वापर बंद. आमच्या टेबलावर आम्ही चौघं असतो. पहिला लिफाफ्यावरचं नाव यादीशी जुळवतो. दुसरी, म्हणजे मी, मतपत्रिकेच्या वरच्या कडेचा नंबर पाहते आणि नंबराची ती चिट्टी फाडते. त्यानंतर ते मत कोणाचं हे देवालाही कळत नाही. तिसरा घड्या उलट्या मोडून कागद सरळ करतो. घडी नीट मोडली नाही की मशीन अडतं, म्हणून हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. चौथा गठ्ठा लावतो. चहा सांडलेली किंवा फाटकी मतपत्रिका आली, की दोन वेगळ्या पक्षांची माणसं मिळून ती कोऱ्या मतपत्रिकेवर जशीच्या तशी उतरवतात. एक वाचतो, एक गोल भरतो.

ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. इथे पक्षाची नोंदणी नाही, कुठलाही एक रकाना निवडा. पण एकच! माझ्या सासूबाईंनी नागरिक झाल्यावर पहिलं टपाली मत दिलं, लिफाफा क्लार्कच्या पेटीत टाकला आणि घरी येऊन समाधानाने सांगितलं, ‘मी दोन्हीकडचे चांगले चांगले निवडले.’ पक्षांच्या रकान्यातलं त्यांचं सगळं मत बाद झालं असणार. केंद्रावर जाऊन दिलं असतं तर मशीनने परत केलं असतं, दुसरी मतपत्रिका मिळाली असती. लिफाफ्यातल्या मताला ती सोय नाही. त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. त्या हे सदर वाचत नाहीत, असं मी धरून चालते.

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला आहे. त्यांच्याकडे निकालाला महिना लागतो म्हणते. गोंधळ आहे का? (नाशिक)

गोंधळ नाही, नियम सैल आहेत. मिशिगनमध्ये टपाली मत मतदानाच्या रात्री आठपर्यंत पोचलंच पाहिजे, फक्त सैनिक आणि परदेशी राहणाऱ्यांना सवलत. कॅलिफोर्नियात त्या दिवसाचा शिक्का पुरे, आठवडाभर उशिरा आलं तरी धरतात. शिवाय प्रत्येक लिफाफ्यावरची सही ताडायची, जुळली नाही तर मतदाराला कळवून संधी द्यायची.

तुमच्या मुलीच्याच भागातलं उदाहरण देते. मार्च २०२४, सोळावा मतदारसंघ. तिकडची प्रायमरी निराळी: सगळे पक्ष एकाच यादीत, पहिले दोघं नोव्हेंबरला. अकरा उमेदवार होते. सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेसाठी एव्हन लो आणि जो सिमिटियन यांची चढाओढ अनेक आठवडे चालली आणि मोजणी संपली तेव्हा दोघांना ३०,२४९. तंतोतंत! नियम असा, की बरोबरी झाली तर दोघंही पुढे, म्हणजे नोव्हेंबरला तिघं. तेवढ्यात एका मतदाराने फेरमोजणी मागितली. तिथे ती कोणीही मागू शकतो, खर्च मात्र मागणाऱ्याच्या खिशातून. मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल लागला: लो पाच मतांनी पुढे, सिमिटियन बाहेर. नोव्हेंबरला लिकार्डो जिंकले. मार्चच्या रात्री अकरा वाजता ज्यांनी दुसऱ्या क्रमांकाबद्दल पैजा लावल्या असतील, त्यांची मला कीव येते.

प्रश्न : ‘अनकमिटेड’ म्हणजे नोटाच ना? (कोल्हापूर)

जवळपास. अध्यक्षीय प्रायमरीत ‘यांपैकी कोणाला बांधील नाही’ असा तो पर्याय. फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक मतांपैकी १३ टक्के, म्हणजे एक लाखाच्या वर मतं त्याला पडली, गाझाच्या प्रश्नावर बायडन यांना इशारा म्हणून. नोटापेक्षा एक फरक मोठा: पुरेशी मतं मिळाली तर ‘अनकमिटेड’चे प्रतिनिधी खरोखर पक्षाच्या अधिवेशनाला जातात. दोन गेलेही.

प्रश्न : आम्ही नोव्हायला राहतो. आमची मुलगी सोळा वर्षांची, जन्माने नागरिक. तिला हे काम करता येईल का?

येईल. मिशिगनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना घेतात, पैसेही देतात. तुमच्या शहराच्या क्लार्कच्या ऑफिसात अर्ज मिळेल. पक्ष लिहावा लागतो, कारण टेबलावर दोन्ही बाजूंची माणसं लागतात. त्यावरून घरात वाद झाला तर मला कळवू नका. काही तासांचं प्रशिक्षण असतं. तिला स्वेटर द्या, ऑगस्टमध्येसुद्धा हॉल गारठलेला असतो. डबा कोरडा द्या. वरण-भात नको, मतपत्रिकेवर हळदीचा डाग पडला की ती उतरवायला दोन माणसं लागतात.